‘नो पार्किंग’च्या पाटीवर आदेशाचा क्रमांक हवा

महोदय,

‘नो पार्किंग’चे चलन आले की बहुतेक गाडीवाले एक तर चौकातल्या हवालदाराशी हुज्जत घालतात, नाही तर मोबाईलवर पैसे भरून विषय मिटवतात. पाटी मात्र होती तिथेच राहते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी दुसऱ्याला चलन बसते. पाटी झाडाच्या फांदीआड गेली असेल, उन्हाने पांढरी पडली असेल किंवा मनाई कुठून कुठपर्यंत हेच तिच्यावरून कळत नसेल, तर चलनाला हरकत घेता येते. ती कशी घ्यायची, कुठे टिकते आणि कुठे टिकत नाही, हे कोल्हापूरकरांसाठी सविस्तर लिहीत आहोत. शेवटी वाहतूक शाखा आणि महापालिकेकडे काही मागण्याही आहेत.

मुळात मनाई येते कुठून? ती येते आदेशातून. पाटी ही त्या आदेशाची लोकांना दिलेली खबर. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोयीसाठी निर्बंध घालायचा तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागते, आणि निर्बंध घातला की कलम ११६ प्रमाणे योग्य जागी चिन्हे उभारावी लागतात. निर्बंध महिनाभरापेक्षा जास्त काळाचा नसेल तर राजपत्राची गरज नाही, पण तेव्हाही परिस्थितीनुसार स्थानिक प्रसिद्धी द्यावीच लागते. वाहने कुठे उभी करता येतील हे स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरवण्याचा अधिकार कलम ११७ मध्ये आहे. पार्किंगच्या आदेशात बहुधा या कलमांचा आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३३ चा उल्लेख असतो. त्यामुळे चलन हातात पडल्यावर पहिला प्रश्न असा विचारावा: या रस्त्यावरची मनाई कोणत्या क्रमांकाच्या, कोणत्या तारखेच्या आदेशाने आहे आणि तो आदेश कोणी काढला?

कलम ११६ लोकांनी एकदा तरी नीट वाचावे. अधिकृत यंत्रणेखेरीज कोणालाही रस्त्यावर किंवा रस्त्यालगत वाहतुकीचे चिन्ह उभारता येत नाही, असे त्यात स्पष्ट आहे. दुकानाच्या शटरवर रंगवलेले ‘येथे गाडी लावू नये, हवा सोडली जाईल’ हे कायद्याच्या दृष्टीने वाहतुकीचे चिन्ह नाही, आणि हवा सोडण्याचा अधिकार तर कोणालाच नाही. चिन्हाचा आकार, रंग आणि अर्थ अधिनियमाच्या अनुसूचीप्रमाणे असला पाहिजे, असेही हेच कलम सांगते. कलम ११९ चालकाला जे चिन्ह पाळायला लावते ते अनुसूचीतले अनिवार्य चिन्ह, किंवा तशाच रूपाची, लाल पार्श्वभूमीची वा लाल कडेची गोल तबकडी. ‘नो पार्किंग’ची तबकडी निळी असते, कड लाल, वर एक तिरकी लाल पट्टी. दोन पट्ट्यांची फुली असेल तर तिथे थांबायलाही मनाई. एका पट्टीच्या पाटीखाली माणूस उतरवण्यापुरते थांबणे आणि गाडी लावून निघून जाणे यांत फरक आहे. सरसकट दोन्हींना एकच चलन लागले असेल तर हा मुद्दा अर्जात जरूर घ्यावा.

आता पाट्यांचे दोष. हरकतीचा सगळा जोर इथेच असतो.

सगळ्यात जास्त घोळ हद्दीचा. खांबावर एक तबकडी असते. तिच्या डावीकडे मनाई की उजवीकडे, २० मीटर की पुढच्या चौकापर्यंत, काहीच कळत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ६७ या संहितेत तबकडीखाली बाण, अंतर, वेळ आणि वाहनाचा प्रकार सांगणारी जोडपट्टी लावण्याची सोय आहे. सोबत रस्त्याच्या कडेने किंवा फूटपाथच्या कठड्यावर अखंड पिवळी रेषा मारली की हद्द कोणालाही दिसते. जोडपट्टी नाही आणि रेषाही नाही, अशा जागी गाडी हद्दीत होती हे चलन देणाऱ्याला आदेशातले वर्णन दाखवूनच सिद्ध करावे लागेल. त्या वर्णनात ‘अमुक दुकानापासून तमुक दुकानापर्यंत’ असे लिहिलेले असेल आणि ती दुकानेच आता बदललेली असतील, तर तोही मुद्दा सोडू नये.

दुसरा दोष झाकलेल्या पाटीचा. झाडाची फांदी, वीज मंडळाचा खांब, आणि आपल्या शहरात विशेष करून वाढदिवसांचे डिजिटल फलक. चिन्ह झाकणारा किंवा चिन्हासारखाच दिसून चालकाला फसवणारा फलक काढण्याचा अधिकार राज्य सरकार पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला देऊ शकते, अशी तरतूद कलम ११६ मध्येच आहे. डिजिटल फलक उतरवायला वेळ नाही आणि त्याच्यामागे दडलेल्या पाटीवरून गाड्या उचलायला क्रेन तयार, हा प्रकार थांबला पाहिजे.

तिसरा दोष सम-विषम तारखांचा, म्हणजे सम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाडी लावण्याच्या नियमाचा. जिथे हा नियम आहे तिथे पाटीवर वेळ नसेल तर रात्री दहाला योग्य बाजूला लावलेली गाडी बाराच्या ठोक्याला चुकीच्या बाजूची होते. शिवाय ३१ तारीख विषम आणि पाठोपाठची १ तारीखही विषम. वर्षात सात महिने ३१ दिवसांचे आहेत, म्हणजे सात वेळा बाजू बदलत नाही. लीप वर्षात २९ फेब्रुवारीनंतर १ मार्च ही आणखी एक. या दिवशी सवयीने बाजू बदलणारा माणूस चुकतो, आणि ती चूक त्याचीच धरली जाते. मात्र पाटीवर ‘सम’ आणि ‘विषम’ हे शब्दच पुसले गेले असतील तर तिथे हरकत घ्यायला पक्का आधार आहे.

चौथा दोष बॅरिकेडवर टांगलेल्या पाट्यांचा. नवरात्रात भवानी मंडप, महाद्वार रोड, बिंदू चौक, गुजरी या भागात आणि गणेश विसर्जनाच्या वेळी मिरवणूक मार्गावर तात्पुरते निर्बंध लागतात. ते लागायलाच हवेत. पण उत्सव संपून आठवडे झाले तरी लोखंडी बॅरिकेड गल्लीच्या तोंडाशी पाटीसकट उभे राहते, आणि उद्या कोणीही ते ओढून दहा मीटर पुढे नेऊन ठेवतो. अशा पाटीवरून चलन आले असेल तर तात्पुरत्या आदेशाची मुदत कोणत्या तारखेला संपली, हा एकच प्रश्न लेखी विचारावा.

हे झाले हरकतीचे बळ. आता तिची मर्यादा. काही ठिकाणी पाटी नसली तरी गाडी लावता येत नाही, आणि ‘पाटीच नव्हती’ हा बचाव तिथे चालत नाही. फूटपाथवर, झेब्रा पट्ट्यांवर किंवा सिग्नलला लागून, चौकाच्या वळणावर, बसथांब्याजवळ, शाळा-दवाखान्याच्या फाटकासमोर, कोणाच्या आवाराचे तोंड अडवून, आधीच उभ्या गाडीला समांतर दुसरी ओळ करून, किंवा वाहतुकीचे चिन्हच झाकले जाईल अशी गाडी लावणे हे वाहनचालनाच्या नियमांनीच बंद आहे. शिवाय कलम १२२ प्रमाणे धोका, अडथळा किंवा इतरांची अवाजवी गैरसोय होईल अशा रीतीने गाडी उभी ठेवणे हा गुन्हा आहे, पाटी असो वा नसो. म्हणून चलनावर कोणते कलम टाकले आहे ते आधी पाहावे. चिन्ह न पाळल्याचे कलम असेल तर पाटीचा मुद्दा थेट लागू पडतो. कलम १२२ असेल तर पाटीपेक्षा रस्त्याची रुंदी, उरलेली जागा आणि अडथळा झाला की नाही, हे दाखवावे लागते. पापाची तिकटीसारख्या अरुंद जागी दुसऱ्या ओळीत चारचाकी लावून कोणी पाटीबद्दल तक्रार करत असेल, तर त्याने दंड भरावा हे बरे.

रकमेबद्दल. सर्वसाधारण कलम १७७ मध्ये पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि त्यानंतर १५०० रुपयांपर्यंत दंड आहे. ‘पाचशेसाठी कुठे धावायचे’ म्हणून पहिले चलन भरले की पुढचे ‘पुन्हा केलेला गुन्हा’ म्हणून तिप्पट होऊ शकते. रोज त्याच रस्त्यावर माल उतरवणाऱ्या टेम्पोवाल्याला किंवा त्याच जागी गाडी लावून कामाला जाणाऱ्या माणसाला हा हिशोब महत्त्वाचा आहे.

हरकत घ्यायची असेल तर आधी पैसे भरू नयेत. लोकांच्या हातून सर्वाधिक होणारी चूक हीच. चलनाची रक्कम हे कलम २०० खालचे तडजोड शुल्क आहे. ते भरले की प्रकरण मिटले आणि वाद घालायला काही उरत नाही. लोकअदालतीचेही असेच. तिथे रक्कम कमी होऊ शकते, पण तिथे होते ती तडजोड. पाटी बरोबर होती की चूक, यावर निर्णय होत नाही. ज्याला केवळ पैसे वाचवायचे आहेत त्याने तिथे जाण्यात गैर काही नाही. मात्र चलनाच्या संदेशात जी मुदत दिली असेल ती चुकवू नये. पैसे न भरणे आणि हरकतही न नोंदवणे, हा सर्वांत वाईट मार्ग. गाडी विकायच्या वेळी तो आडवा येतो.

पुरावा त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला गोळा करावा. तक्रार गेल्यावर फांदी छाटली जाते, पाटीला रंग लागतो, आणि मग काल काय दिसत होते हे दाखवायला काही राहत नाही. पहिले छायाचित्र गाडी ज्या दिशेने आली त्या दिशेने, चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्यावे. दुसरे गाडी उभी होती त्या जागेवरून दोन्ही बाजूंना. तिसरे सर्वांत जवळच्या पाटीचे जवळून, चौथे त्याच पाटीच्या मागच्या बाजूचे. पाटी आणि गाडी यांतले अंतर टेपने मोजावे. पावलांनी मोजले तर अर्जात ‘अंदाजे’ लिहावे. मग आधीच्या चौकापासून पुढच्या चौकापर्यंत चालत, मध्ये न थांबवता एक चित्रफीत काढावी. ‘वाटेत एकही पाटी नाही’ हे अशा सलग चित्रफितीशिवाय पटवता येत नाही, कारण सुटी छायाचित्रे सोयीचा कोन निवडून काढता येतात. प्रत्येक चित्रात जागा ओळखता येईल अशी एक पक्की खूण यावी: विजेच्या खांबाचा क्रमांक, गल्लीचा फलक, दुकानाची पाटी. राजारामपुरीत गल्ल्यांना क्रमांक आहेत, त्याचा उपयोग करावा. चलन रात्रीचे असेल तर छायाचित्रही रात्री, गाडीचे दिवे लावून काढावे. दिव्याच्या प्रकाशात चकाकणारा पत्रा झिजला असेल तर दिवसा स्वच्छ दिसणारी पाटी रात्री काळी दिसते.

मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवावी. व्हॉट्सॲपवर पाठवलेले छायाचित्र आकुंचन पावते आणि त्यातली वेळ-जागेची नोंद निघून जाते. पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. पुढे न्यायालयात गेल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, आणि ते ज्या फोनने चित्र काढले त्याच्याशी जोडलेले असते.

चलनासोबतचे पोलिसांचे छायाचित्रही उघडून पाहावे. ते ई-चलनाच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकले की दिसते. पुष्कळदा त्यात फक्त नंबरप्लेट असते. पाटी नसते, रस्ता नसतो. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या १६७-अ या नियमाने इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवरून दिलेल्या चलनात गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दाखवणारे छायाचित्र, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेली तरतूद असावी असे म्हटले आहे. नुसत्या नंबरप्लेटवरून गाडी कुठे आणि कशी उभी होती हे कळत नाही, हे अर्जात एका वाक्यात लिहावे.

अर्ज दोन ठिकाणी करावा. एक वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवरच्या किंवा संकेतस्थळावरच्या तक्रार विभागात, छायाचित्रे जोडून. दुसरा कागदावर, दोन प्रतींत, शहर वाहतूक शाखेच्या पोलीस निरीक्षकांच्या नावे. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. भाषा साधी ठेवावी. उदाहरणार्थ: ‘वाहन क्रमांक अमुक यास अमुक तारखेस अमुक वाजता अमुक ठिकाणी दिलेले चलन क्रमांक अमुक मला मान्य नाही. वाहनापासून पश्चिमेस ४२ मीटरवर एकच फलक असून त्यावर बाण, अंतर वा वेळ नाही. पूर्वेकडून येताना तो खांबाआड जातो. रस्त्यावर पिवळी रेषा नाही. फूटपाथ, झेब्रा पट्टे, बसथांबा किंवा कोणाचे फाटक अडलेले नव्हते. सोबत सहा छायाचित्रे व एक चित्रफीत जोडली आहे. या ठिकाणच्या मनाईच्या आदेशाची प्रत द्यावी आणि तसा आदेश वा त्यानुसार फलक नसल्यास चलन रद्द करावे.’ एवढे पुरे. ‘दोनच मिनिटे थांबलो होतो’, ‘इतरांच्याही गाड्या होत्या’, ‘मला घाई होती’ ही वाक्ये घालू नयेत. पहिल्या वाक्यात गाडी लावल्याची कबुली जाते आणि उरलेल्या दोहोंचा काही उपयोग होत नाही.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्जही टाकावा, कारण उत्तराला ३० दिवस लागू शकतात आणि चलनाची मुदत त्यासाठी थांबत नाही. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, असे महाराष्ट्राचे नियम आहेत. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न टाळून कागद मागावेत. पोलिसांकडे आदेशाची प्रत, राजपत्राचा दिनांक आणि आदेशाची मुदत. महापालिकेकडे त्या रस्त्यावर फलक कधी लावले, कुठे लावले आणि शेवटची पाहणी कधी झाली याची नोंद. कागद दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणे त्यांना बंधनकारक आहे. उत्तर आले नाही तर ३० दिवसांत पहिले अपील. ‘अशी नोंद उपलब्ध नाही’ हे एका ओळीचे उत्तरही जपून ठेवावे. हरकतीला त्याच्याइतका चांगला कागद दुसरा नसतो.

टोईंगचे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे, कायद्याने पार्किंगला मनाई असलेल्या जागेवरची गाडी उचलण्याची परवानगी त्या हद्दीतल्या गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने द्यायची असते. क्रेनवरच्या पोराने परस्पर ठरवायचे नसते. टोईंगचा खर्च आणि दंड या दोन वेगळ्या रकमा आहेत, तेव्हा पावतीवर त्या वेगळ्या लिहून मागाव्यात. गाडी सोडवताना टोईंगचा खर्च भरून दंडाचे चलन प्रलंबित ठेवण्याची लेखी विनंती करावी, आणि गाडीला ओरखडा असेल तर आवाराबाहेर काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे.

अर्ज फेटाळला तर न्यायालय. समन्स आल्यावर स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहून ‘गुन्हा कबूल नाही’ असे सांगायचे आणि मनाईचा आदेश व फलक लावल्याची नोंद हजर करण्याची मागणी करायची. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत सहा महिने आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये ती दिली आहे. न्यायालय उशीर माफ करू शकते, म्हणून केवळ त्या भरवशावर राहू नये. कसबा बावड्याला, न्यायालयात, एक-दोन खेपा होतील हे धरून चालावे. मोलमजुरी बुडवून प्रत्येकाने हे करावे असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्याच्याकडे वेळ आणि पुरावा दोन्ही आहेत त्याने जरूर करावे, कारण त्या पाटीवर एकदा आक्षेप मान्य झाला की तोच कागद पुढच्या माणसाच्या अर्जाला जोडता येतो.

आता मागण्या. प्रत्येक ‘नो पार्किंग’ पाटीच्या जोडपट्टीवर बाण, अंतर, वेळ आणि तळाला आदेशाचा क्रमांक व तारीख छापावी. पट्टी मराठीत असावी. चिन्हावर स्थानिक लिपीतली अक्षरे घालण्याची मुभा कलम ११६ देते. लागू असलेल्या सर्व आदेशांची रस्त्यानुसार यादी वाहतूक शाखेच्या दारात आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर लावावी. तात्पुरत्या पाटीवर शेवटची तारीख असावी आणि त्या तारखेच्या रात्री बॅरिकेड उचलले जावे. एखाद्या पाटीबद्दल छायाचित्रासह तक्रार आली तर ती दुरुस्त होईपर्यंत तेवढ्या पट्ट्यात अडथळ्याखेरीज चलन आणि क्रेन दोन्ही थांबवावे.

सुरुवात भाऊसिंगजी रोड आणि महाद्वार रोडपासून करावी. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले पक्षकार भाऊसिंगजी रोडवरच्या सीपीआर रुग्णालयासमोरच्या परिसरात येतात, आणि अंबाबाईच्या दर्शनाला बेळगावकडच्या गाड्या कायम असतात. या लोकांना कोणत्या बाजूला, किती वाजेपर्यंत गाडी लावायची हे सांगायला पाटीखेरीज दुसरे कोणी नाही. या दोन रस्त्यांवरच्या पाट्यांची महापालिका आणि वाहतूक शाखेने एकत्र पाहणी करावी, हातात आदेशाची प्रत आणि टेप घेऊन, आणि आदेशाशी न जुळणारी पाटी त्याच दिवशी उतरवावी.

आपले,
चलनांच्या हरकतींचे अर्ज लिहून देणारे काही नागरिक,
कोल्हापूर